अनिश्चित आर्ग्युमेंट्स : एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी सॉफ्टवेअरमध्ये आहे. वाय-टू-केच्या लाटेत कोबोल घेऊन इकडे आलेले काका आहेत, जावा आणि डॉटनेटवर संसार उभे केलेले दादा-वहिनी आहेत, आणि कॉलेजात पायथन नाहीतर रस्ट शिकणारी पुढची पिढी आहे. या सगळ्यांना कधी ना कधी एक प्रश्न आडवा येतो. एका भाषेतल्या प्रोग्रामला दुसऱ्या भाषेतले फंक्शन कॉल करायचे असते, आणि त्या फंक्शनला आर्ग्युमेंट्स किती द्यायची ही संख्याच ठरलेली नसते. साधे फंक्शन असेल तर काम सहसा सुरळीत होते. हे असले फंक्शन असेल तर काम झाले असे वाटते, आणि कित्येक महिन्यांनी कळते की आकडे भलतेच जात होते.

ही माहिती निरनिराळ्या मॅन्युअलांत विखुरलेली असते, म्हणून इथे एकत्र केली आहे. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनी पहिला भाग तरी वाचावा. घरातले माणूस रात्री एक वाजता कीबोर्डसमोर कपाळाला हात लावून का बसले आहे, याचा थोडा उलगडा होईल.

बिनलेबलच्या पुड्या

सुट्टीहून परतताना आई बॅगेत पुड्या भरून देते. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, सुंठ. पुड्यांवर नाव नसते. सोबत एक चिठ्ठी असते: पहिली पुडी मेतकुटाची, दुसरी मसाल्याची, तिसरी भाजणीची. चिठ्ठी बरोबर असेल तोवर सगळे छान. चिठ्ठीत चार पुड्या लिहिल्या आणि बॅगेत तीनच असल्या, तर चौथी म्हणून आपण जे हाताला लागेल ते उचलणार.

सी भाषेतले प्रिंटएफ नेमके असेच चालते. त्याचे पहिले आर्ग्युमेंट म्हणजे ती चिठ्ठी, जिला फॉरमॅट स्ट्रिंग म्हणतात. तिच्यात पर्सेंट-डी दिसले की ते पूर्णांक उचलते, पर्सेंट-एफ दिसले की अपूर्णांक, पर्सेंट-एस दिसले की मजकुराचा पत्ता. मागून आलेल्या पुड्या खरोखर किती आणि कसल्या, हे त्याला कोणीही सांगत नाही. ते चिठ्ठीवर विश्वास ठेवते, बस्स.

सुरुवातीच्या सीमध्ये यासाठी भाषेची अधिकृत सोयही नव्हती. लोक आर्ग्युमेंटचा पत्ता घेऊन मेमरीत पुढे पुढे चालत जात. १९८९ च्या अमेरिकन मानकाने 'एसटीडी-आर्ग' हे हेडर दिले. व्हीए-स्टार्टने यादी उघडायची, व्हीए-आर्गने एकेक पुडी उचलायची, व्हीए-एंडने बॅग बंद करायची. तरीही व्हीए-आर्गला पुडीचा प्रकार आपणच सांगायचा असतो. तो चुकला तर काय होईल, याची कोणतीही हमी मानक देत नाही.

शिवाय एक बारीक नियम आहे, जो पुढे फार महत्त्वाचा ठरतो. तीन टिंबांच्या जागी गेलेला फ्लोट आपोआप डबल होतो, आणि कॅरॅक्टर व शॉर्ट यांचा इंट होतो. हे काम कॉल करणाऱ्या बाजूचा सी कंपायलर करतो. कॉल करणारी बाजू सीची नसेल, तर हा बदल करणे त्या भाषेच्या डोक्यावर येते, आणि ती विसरली तर आठ बाइटच्या जागी चारच बाइट अर्थाचे असतात.

यादी कुठे संपते?

याची उत्तरे वेगवेगळ्या काळात वेगवेगळी निघाली. प्रिंटएफ चिठ्ठीवरून मोजते. युनिक्समधले एक्झेक-एल शेवटी शून्य पॉइंटर मागते. त्याचे जुळे भावंड एक्झेक-व्ही मात्र सरळ एक अ‍ॅरे घेते; एल म्हणजे लिस्ट आणि व्ही म्हणजे व्हेक्टर. आणि गंमत अशी की सीच्या स्वतःच्या मेन फंक्शनला आर्ग्युमेंट्स मिळतात ती 'किती' हा आकडा आणि अ‍ॅरे या रूपात, म्हणजे तीन टिंबांशिवाय!

एक्झेक-एलच्या शेवटी नुसते शून्य लिहिण्याची जुनी सवय ३२ बिटच्या यंत्रावर खपून गेली, कारण तिथे इंट आणि पॉइंटर दोन्ही चार बाइटचे होते. ६४ बिटवर पॉइंटर आठ बाइटचा झाला, शून्य मात्र चार बाइटचेच राहिले. वरच्या चार बाइटमध्ये काय असेल ते नशिबावर. बहुतेक वेळा तिथेही शून्यच असते, म्हणून प्रोग्राम वर्षानुवर्षे चालतो. शेवटचे शून्य पॉइंटर आहे असे स्पष्ट लिहावे लागते, ते यासाठी.

मेनफ्रेमवाल्या काकांना वेगळीच रीत आठवेल. आयबीएमच्या सिस्टिम ३६० च्या काळापासून पहिल्या क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये पत्त्यांच्या यादीचा पत्ता ठेवत, आणि यादीतल्या शेवटच्या पत्त्याचा सर्वांत वरचा बिट एक करत. पत्ता २४ बिटचा आणि जागा ३२ बिटची, त्यामुळे तो बिट मोकळाच होता. यादी कुठे संपते ते यादीतच लिहिलेले! कोबोल आणि असेंब्ली यांचे कॉल एकमेकांशी जुळत त्यात या रीतीचा मोठा वाटा होता. मला विचाराल तर पुढे आलेल्या बऱ्याच रीतींपेक्षा ही शहाणी होती. प्रत्येक वस्तूचा प्रकार मात्र त्यातही कळत नसे.

यंत्राच्या पातळीवर

दोन भाषांमध्ये कॉल होतो म्हणजे शेवटी यंत्राच्या पातळीवर एक करार पाळला जातो: कोणते आर्ग्युमेंट कुठे ठेवायचे आणि नंतर आवराआवर कोणी करायची. या कराराला एबीआय म्हणतात.

३२ बिटच्या इंटेल यंत्रावर सीची रीत अशी होती की आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे स्टॅकवर रचायची. त्यामुळे पहिले आर्ग्युमेंट, म्हणजे चिठ्ठी, नेहमी ठरलेल्या जागी सापडे. आणि स्टॅक साफ करायचा तो कॉल करणाऱ्याने, कारण किती ठेवले ते त्यालाच माहीत. पास्कलची रीत उलट होती: डावीकडून उजवीकडे रचायचे, आणि साफसफाई कॉल झालेल्या फंक्शनने करायची. पाहुण्यानेच ताट घासून ठेवायचे असेल तर पाहुण्याला ताटे किती ते आधी माहीत हवे. म्हणून पास्कलच्या रीतीत अनिश्चित आर्ग्युमेंट्स बसतच नाहीत. विंडोजच्या ३२ बिट फंक्शनांतही साफसफाई कॉल झालेलेच फंक्शन करते, पण डब्ल्यू-एस-प्रिंटएफ हे एक फंक्शन तिथे सीच्या रीतीने चालते, ते याच कारणाने.

६४ बिटवर आर्ग्युमेंट्स रजिस्टरमध्ये गेली आणि खरा घोळ सुरू झाला. लिनक्स व इंटेल मॅकवर पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट्स सहा ठरावीक रजिस्टरांत जातात आणि पहिले आठ अपूर्णांक वेगळ्या आठ रजिस्टरांत. तीन टिंबांचे फंक्शन असेल तर आणखी एक अट: अपूर्णांकांची रजिस्टरे किती वापरली याची कमाल संख्या एएल नावाच्या छोट्या रजिस्टरमध्ये ठेवायची. दुसऱ्या भाषेने प्रिंटएफ हे साधे, ठरावीक आर्ग्युमेंट्सचे फंक्शन आहे असे समजून कॉल केला, तर एएलमध्ये काहीही असू शकते. ते शून्य असले तर प्रिंटएफ अपूर्णांकांची रजिस्टरे जपून ठेवतच नाही, आणि १२.५० डॉलरच्या जागी भलताच आकडा छापते. पूर्णांक मात्र बरोबर येतात. त्यामुळे चाचणीत फक्त पूर्णांक वापरले असतील तर सगळे हिरवे दिसते.

विंडोजच्या ६४ बिट करारात फक्त चार रजिस्टरे आहेत. तिथे तीन टिंबांच्या फंक्शनला दिलेला अपूर्णांक अपूर्णांकांच्या आणि पूर्णांकांच्या, अशा दोन्ही रजिस्टरांत ठेवावा लागतो.

अ‍ॅपलने आपल्या एआरएम चिपसाठी आणखी वेगळा रस्ता धरला. एआरएमचा सर्वसाधारण करार अनिश्चित आर्ग्युमेंट्सही रजिस्टरमध्येच पाठवतो. अ‍ॅपलच्या करारात मात्र तीन टिंबांतले प्रत्येक आर्ग्युमेंट स्टॅकवर, आठ बाइटच्या कप्प्यात जाते. आयफोनपुरते हे फारसे कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिपचे मॅक बाजारात आले, आणि इंटेलवर निभावून गेलेले जुने गैरसमज उघडे पडू लागले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे फाइल उघडणारे ओपन हे फंक्शन. त्याची पहिली दोन आर्ग्युमेंट्स पक्की आहेत: नाव आणि उघडण्याची पद्धत. नवी फाइल बनवायची असेल तेव्हाच तिसरे द्यायचे, म्हणजे फाइल कोणी वाचावी आणि कोणी लिहावी याची परवानगी. हे तिसरे आर्ग्युमेंट तीन टिंबांतले आहे, हे बहुतेकांच्या लक्षातच नसते. दुसऱ्या भाषेतून 'तीन आर्ग्युमेंट्सचे फंक्शन' म्हणून त्याची ओळख करून दिली, तर एम-१ वर परवानगीचा आकडा तिसऱ्या रजिस्टरमध्ये जातो, आणि ओपन तो स्टॅकवर शोधते. तिथे जे काही पडलेले असेल तीच परवानगी. प्रोग्राम कोसळत नाही, एररही येत नाही. फाइल तयार होते. फक्त ती कधी मालकालाही वाचता येत नाही, तर कधी यंत्रावरच्या सगळ्यांना वाचता येते. त्या फाइलमध्ये पासवर्ड किंवा कोणाचे वैद्यकीय अहवाल असतील तर काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. एफ-कंट्रोल आणि आय-ओ-कंट्रोल ही फंक्शनेही याच जातीची.

व्हीए-लिस्ट म्हणजे सुटका नव्हे

प्रिंटएफच्या शेजारी व्ही-प्रिंटएफ असते. ते तीन टिंबे न घेता आधीच उघडलेली यादी, म्हणजे व्हीए-लिस्ट, घेते. पुष्कळांना वाटते की आपल्या भाषेतून अशी यादी हाताने बनवून पाठवली की झाले. पण व्हीए-लिस्टचा आकार जागोजागी वेगळा आहे. विंडोजवर आणि अ‍ॅपलच्या एआरएमवर तो साधा पॉइंटर आहे. इंटेल लिनक्सवर ती २४ बाइटची रचना आहे: दोन अंतरे आणि दोन पत्ते. एआरएम लिनक्सवर ३२ बाइटची, पाच भागांची. म्हणजे एका यंत्रासाठी बनवलेली यादी दुसऱ्यावर निरुपयोगी. शिवाय ती एकदा वाचली की खर्च होते. दुसऱ्यांदा वाचायची असेल तर आधी प्रत काढावी लागते, आणि ती काढण्याची अधिकृत सोय १९९९ च्या मानकात आली.

कोणती भाषा काय करते

जावाचा विचार सर्वांत नीट केलेला आहे असे माझे मत. सीमधून जावाची मेथड कॉल करण्यासाठी जेएनआयमध्ये प्रत्येक कॉलची तीन रूपे आहेत: एक तीन टिंबांचे, एक व्ही अक्षराचे म्हणजे व्हीए-लिस्ट घेणारे, आणि एक ए अक्षराचे म्हणजे अ‍ॅरे घेणारे. सी सोडून दुसऱ्या भाषेतून जेएनआय वापरायचे असेल तर डोळे मिटून ए घ्यावे. अ‍ॅरेतल्या वस्तूंवर प्रकार लिहिलेला नसतो, पण मेथड शोधताना आपण दिलेल्या सहीवरून जावाला तो ठाऊक असतो.

इथे एक खड्डा आहे. जावाची स्वतःची तीन टिंबे २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत आली, आणि ती फक्त वरची सजावट आहे. आतून तो एकच अ‍ॅरे असतो. त्यामुळे सीमधून स्ट्रिंग-फॉरमॅट कॉल करायचे तर ऑब्जेक्टचा अ‍ॅरे आपणच बनवायचा, आणि प्रत्येक पूर्णांक इंटिजरच्या डब्यात घालून मग त्यात ठेवायचा. सुट्या पुड्या चालत नाहीत. उलट दिशेने, म्हणजे जावातून सीकडे जाण्यासाठी, मार्च २०२४ च्या बाविसाव्या आवृत्तीत नवी सोय पक्की झाली. तिथे तीन टिंबे कितव्या आर्ग्युमेंटपासून सुरू होतात ते वेगळे सांगावे लागते. ते का, हे वरचे एम-१ चे प्रकरण वाचलेल्यांना सांगायला नको.

पायथनमध्ये स्टार-आर्ग्ज लिहिले की सगळी आर्ग्युमेंट्स एका टपलमध्ये येतात, प्रत्येकाला स्वतःचा प्रकार असतो, काही चिंता नाही. चिंता सीटाइप्समधून सीकडे जाताना सुरू होते. साधा पूर्णांक दिला तर सीटाइप्स तो सीचा इंट समजून पाठवते. पॉइंटरचा पत्ता पूर्णांक म्हणून दिला तर ६४ बिटवर तो कापला जातो. अपूर्णांक मात्र सी-डबलमध्ये गुंडाळल्याशिवाय ते घेतच नाही, आणि तसा हट्ट धरते हे चांगलेच आहे. अ‍ॅपलच्या एआरएमवर पक्क्या आर्ग्युमेंट्सचे प्रकार आधी जाहीर करणे आवश्यक आहे. पक्की किती आणि अनिश्चित किती हा फरक त्यावरूनच कळतो.

गोने प्रश्नच निकालात काढला: सीगोमधून सीचे तीन टिंबांचे फंक्शन कॉल करता येत नाही, कंपायलर सरळ नकार देतो. स्विफ्टही अशी फंक्शने आयात करत नाही, पण व्हीए-लिस्ट बनवून देण्याची सोय देते, म्हणून तिथे व्ही-प्रिंटएफचा रस्ता खुला आहे. रस्ट कॉल करू देते, पण ३२ बिटचा अपूर्णांक दिला तर आधी डबल करा म्हणून अडवते. फोरट्रानने २००३ च्या मानकात सीशी नाते जोडले, त्यात अनिश्चित आर्ग्युमेंट्सची फंक्शने वगळली. सी-शार्पचे पॅराम्स जावासारखेच, आतून अ‍ॅरे. तिथून सीचे प्रिंटएफ कॉल करायला लोक ठरावीक आर्ग्युमेंट्सच्या चार-पाच घोषणा करून ठेवतात. इंटेलवर ते बऱ्याचदा निभते, अ‍ॅपलच्या एआरएमवर निभत नाही.

पुड्यांवर लेबल लावण्याची कल्पना तशी जुनीच. विंडोजच्या कॉममध्ये प्रत्येक आर्ग्युमेंट व्हेरिअंट नावाच्या डब्यात जाते, आणि डब्यावर प्रकार लिहिलेला असतो. व्हिज्युअल बेसिक आणि सी++ यांचे त्यामुळेच जमले. फक्त यादी उलटी असते, शेवटचे आर्ग्युमेंट सर्वांत आधी. नव्या माणसाचा एक दिवस त्यात जातो. डेल्फीतही प्रकाराची चिठ्ठी चिकटवलेल्या वस्तूंचा अ‍ॅरे मिळतो. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेल्या लुआने तर आपला वेगळा स्टॅकच ठेवला आहे: सीमधल्या फंक्शनने त्याला विचारायचे किती वस्तू आल्या, प्रत्येकीचा प्रकार काय, आणि परत किती देतो तो आकडा सांगायचा. इतके सुटसुटीत काम मोठमोठ्या कंपन्यांना जमलेले नाही.

मग करायचे काय?

माझा सल्ला एकच: तीन टिंबांचे फंक्शन भाषेच्या सीमेवर येऊ देऊ नका. मध्ये सीचा एक छोटा तुकडा लिहा, ज्याची आर्ग्युमेंट्स पक्की असतील. लिब-कर्लचे ईझी-सेट-ऑप्ट घ्या. त्याचे तिसरे आर्ग्युमेंट पर्यायाप्रमाणे कधी लाँग असते, कधी पॉइंटर, कधी फंक्शनचा पत्ता, कधी ६४ बिटचा फाइल-आकार. लाँगच्या जागी इंट देणे ही तिथली नेहमीची चूक. त्यासाठी चार छोटी फंक्शने लिहायची, प्रत्येक प्रकाराला एक, आणि दुसऱ्या भाषेला फक्त ती चार दाखवायची. वीस-पंचवीस ओळींचे काम आहे. आतला खरा कॉल सी कंपायलर करतो, त्यामुळे एएल, स्टॅक, फ्लोटचा डबल, हे सगळे तोच पाहतो.

चालू प्रोग्राममध्येच आर्ग्युमेंट्स ठरत असतील, तर लिब-एफएफआय ही लायब्ररी वापरावी. तिच्यात अनिश्चित कॉलसाठी वेगळे फंक्शन आहे, त्याला पक्की आर्ग्युमेंट्स किती आणि एकूण किती हे दोन आकडे द्यावे लागतात. साध्या कॉलचे फंक्शन वापरून काम होतेय असे दिसले तरी तसे करू नये. आणि आपणच लायब्ररी लिहीत असाल, तर प्रत्येक तीन टिंबांच्या फंक्शनशेजारी अ‍ॅरे घेणारे एक जुळे जरूर ठेवावे. वापरणारे दुवा देतील.

फॉरमॅट स्ट्रिंगबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण इथे प्रश्न चुकीच्या आकड्यावर थांबत नाही. बाहेरून आलेला मजकूर चिठ्ठीच्या जागी कधीही देऊ नये. प्रिंटएफला पर्सेंट-एन दिसले तर ते मेमरीत लिहिते, वाचत नाही. २००० साली वू-एफटीपीडी या त्या काळी खूप वापरल्या जाणाऱ्या एफटीपी सर्व्हरमध्ये अशीच फट सापडली, आणि दूरवर बसलेल्या माणसाला यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता. आज सीमध्ये असा कॉल लिहिला तर कंपायलरच्या योग्य सूचना चालू ठेवल्यावर तो इशारा देतो. पण कॉल पायथन किंवा लुआमधून येत असेल तर सीच्या कंपायलरला तो दिसतच नाही. म्हणून सिस्लॉगसारख्या फंक्शनसाठी मधला तुकडा लिहिताना चिठ्ठी त्या तुकड्यातच पर्सेंट-एस अशी पक्की करावी, आणि बाहेरचा मजकूर पुडी म्हणूनच आत घ्यावा.

दोन नव्या गोष्टी नोंदवून ठेवतो. सी-२३ मानकाने तीन टिंबांच्या आधी एक तरी पक्के आर्ग्युमेंट हवे ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे चिठ्ठीसुद्धा नसलेले फंक्शन आता सीमध्ये नियमाने लिहिता येते. आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेब-असेम्ब्लीसाठी सीचा जो करार ठरला आहे, त्यात अनिश्चित आर्ग्युमेंट्स मेमरीत एका जागी रचून फक्त त्या जागेचा पत्ता पाठवतात. तिथे प्रत्येक फंक्शनची सही यंत्रालाच माहीत असते. पॉइंटरमार्फत कॉल करताना ती जुळली नाही तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो.